काळ्या पाइनचं रोप घरी नेण्याआधी

आमच्याकडचं जपानी काळ्या पाइनचं रोप दोन-तीन वर्षांचं असतं. पेन्सिलीएवढं खोड, वर सुयांचा, म्हणजे सुईसारख्या पानांचा, झुबका. त्याला बोन्साय म्हणायला अजून पुष्कळ अवकाश आहे. रोप घेतानाच बरेच जण उथळ ट्रे आणि कात्री मागतात. आम्ही दोन्हींना नाही म्हणतो. पहिली पाच-सात वर्षं या झाडाला मनसोक्त वाढू द्यायचं, खोड जाड करायचं, मुळं धडधाकट ठेवायची. ट्रे त्यानंतर. एवढी वर्षं थांबायची तयारी असेल तर पुढचं वाचा, आणि मग रोप न्या.

आधी जागा बघा

रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. गच्ची उत्तम. खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्येही चालेल, पण वरच्या मजल्याचा छज्जा किंवा समोरची इमारत आडवी येत असेल तर चालणार नाही. दिवाणखान्यात टेबलावर ठेवायला मागत असाल तर आम्ही रोप देणार नाही. ते काही महिन्यांत मरतं आणि आम्हाला त्याचं वाईट वाटतं. एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम हवा ज्या कोपऱ्यात येते तो कोपराही टाळा.

जपानीत याला कुरोमात्सु म्हणतात. जपान आणि दक्षिण कोरियाच्या समुद्रकाठी हा पाइन वाढतो, त्यामुळे वर्सोवा-दादरच्या खाऱ्या वाऱ्याचं त्याला वावडं नाही. शिकोकू बेटावरच्या ताकामात्सु शहराजवळ, किनाशी आणि कोकुबुंजी इथे पाइन बोन्सायचे मळेच्या मळे आहेत. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच दमट असतो, म्हणजे उकाडाही तो सोसतो. अडचण थंडीची आहे. तिथे हिवाळ्यात पारा शून्याजवळ उतरतो, झाड विश्रांती घेतं आणि वसंतात जोमाने फुटतं. मुंबईत जानेवारीच्या रात्रीही पारा सोळा-सतराच्या आसपास असतो. झाडाला पुरती झोप मिळत नाही, आणि अशी वर्षं साठत गेली की ते हळूहळू अशक्त होतं. नाशिककडे तुमचं घर किंवा नातलग असतील तर डिसेंबर-जानेवारी झाड तिकडे उन्हात ठेवा. आमच्या दोन-तीन ग्राहकांनी हे केलं आहे, आणि परत आलेल्या झाडांचे कोंब बघताक्षणी वेगळे वाटतात.

ऊन कमी, प्रवास अशक्य, असं असेल तर सुरू घ्या, असं आम्ही मनापासून सांगतो. अलिबागच्या किनाऱ्यावरचा तोच सुरू. दिसायला पाइनसारखा, मुंबईच्या हवेत सहज रुळणारा, आणि तारेने वळण देणं व छाटणी शिकायला चांगला. त्यावर हात बसला की पाइनकडे या.

दुसरीकडून रोप घेणार असाल तर एक खूण लक्षात ठेवा. सुया मोजा. काळ्या पाइनच्या सुया दोन-दोनच्या जोडीत येतात, जाड आणि टोचऱ्या असतात, आणि शेंड्यावरची कळी पांढुरकी असते. एका झुबक्यात तीन सुया दिसल्या तर तो बहुधा हिमालयातला चीड आहे. वाईट झाड नाही, पण ते हे नव्हे.

पावसाळा

या पानावरचं एकच काही लक्षात राहणार असेल तर हा भाग राहू द्या.

मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाइनच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सलग आठवडाभर चिंब राहिली की मुळं गुदमरतात, मग कुजतात. आणि हे झाड आपलं दुखणं दाखवत नाही. मुळं मेल्यावरही कित्येक आठवडे सुया हिरव्या राहतात. आमची पहिली खेप आम्ही नेहमीच्या लाल माती-शेणखतात लावली होती. ऑगस्टभर रोपं हिरवीगार, म्हणून आम्ही निश्चिंत. गणपती गेले आणि आठ दिवसांत सगळी तपकिरी पडली. उपटून पाहिलं तर मुळांची साल बोटांना सुटून आली. ती रोपं जुलैमध्येच गेली होती.

तेव्हापासून आम्ही पाइनला माती वापरत नाही. पक्क्या भाजलेल्या विटांचे तुकडे आणि काळ्या दगडाची बारीक खडी घेतो, तीन ते सहा मिलिमीटरमध्ये चाळतो आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतो. साधारण दोन भाग वीट, एक भाग खडी. वीट ओल धरते, खडी हवा खेळती ठेवते. चाळणीतून खाली पडलेली भुकटी फेकून द्या, सगळा घात तीच करते. प्युमिस, म्हणजे हलका सच्छिद्र ज्वालामुखी दगड, मिळाला तर विटेच्या जागी घाला. जपानी अकादामा माती ऑनलाइन मिळते, पण महाग पडते आणि सुरुवातीला तिची गरज नाही. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मात्र अजिबात नको. मिश्रण जमलं की नाही ते असं बघा: वरून तांब्याभर पाणी ओता. ते वर साचून राहिलं तर पुन्हा चाळा.

कुंडीऐवजी आम्ही प्लास्टिकची रोवळी देतो, घरात तांदूळ धुवायला असते तशी. चारी बाजूंनी भोकं असल्यामुळे मुळं हवेला पोचली की टोकं आपोआप थांबतात आणि आतून नवी फुटतात. मुळं गोल गोल गुंडाळत नाहीत. दिसायला साधी आहे, पण पाइनची मुळं तिच्यात फार सुंदर वाढतात. खाली दोन विटा ठेवून ती अधांतरी ठेवा, म्हणजे गच्चीवर तुंबलेलं पाणी तिला लागणार नाही. संततधार लागली की वर पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिकचं छप्पर हवं. ऊन अडवू नका, बाजू मोकळ्या ठेवा. ताडपत्रीखाली कोंडलेलं झाड पावसात भिजणाऱ्यापेक्षा लवकर आजारी पडतं.

पहिल्या सरीच्या आधी ताम्रयुक्त बुरशीनाशक, म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड, पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. सुयांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर त्या सुया काढून टाका आणि झाडं एकमेकांपासून लांब ठेवा. आतल्या बाजूच्या, दोन-तीन वर्षांच्या जुन्या सुया पिवळ्या पडून गळणं नैसर्गिक आहे. शेंड्याची नवी सुई पिवळी पडली तर त्याच दिवशी फोटो पाठवा.

इतर महिन्यांत पाणी कधी घालायचं? वरचा थर कोरडा व्हायला लागला की. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर दिवसातून दोनदाही लागेल. बोट घालून बघा, घड्याळ बघून घालू नका. टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांमध्ये रोवळीच्या कडेला पांढरा थर धरला तर मधूनमधून नळाच्या पाण्याने भरपूर धुऊन काढा.

तार

खोडाला वळण द्यायचं ते आत्ताच, पहिल्या दोन-तीन वर्षांत. पुढे खोड अंगठ्याएवढं झालं की नुसत्या हातांनी वळत नाही. खोडाच्या साधारण एक तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची तार घ्या, एक टोक मिश्रणात खोल रोवा आणि पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी वर न्या. पहिलं वळण मुळांच्या अगदी जवळ हवं, दोन-तीन सेंटिमीटरवर. बहुतेक जण तिथे हात आखडता घेतात, वर भरपूर वळणं देतात, आणि दहा वर्षांनी झाड खाली खांबासारखं सरळ दिसतं. दोन्ही अंगठे वळणाच्या आतून टेकवून सावकाश वाकवा. वळणं वेगवेगळ्या दिशांना जाऊ द्या, समोरून आणि बाजूनेही.

फेब्रुवारी ते मे झाड भराभर वाढतं. दर पंधरा दिवसांनी तार बघा. सालीत रुतू लागली की उलगडत बसू नका, तुकडे करून काढा. व्रण राहिला तर वर्षानुवर्षं दिसतो.

वाढू द्या

खोड जाड होतं ते वरच्या वाढीमुळे. म्हणून एक शेंडा मोकळा सोडायचा, मीटरभर उंच गेला तरी. हा शेंडा शेवटी कापायचाच असतो, त्याचं काम फक्त खोडाला पोसणं. मात्र खालच्या दोन-चार बारीक फांद्या जिवापाड जपा, कारण उद्याचं बोन्साय त्यांच्यातच आहे. वरच्या शेंड्याची सावली त्यांच्यावर पडत असेल तर वरच्या बाजूफांद्या काढा, खालच्यांना हात लावू नका. पाइनच्या उघड्या, जुन्या लाकडातून नवा फुटवा सहसा येत नाही. एखाद्या फांदीवरच्या सगळ्या सुया गेल्या तर ती फांदी गेली असं समजा. बुंधा तीन-चार सेंटिमीटर जाड झाला की शेंडा कुठे कापायचा ते आपण मिळून ठरवू.

व्हिडिओंमध्ये तुम्ही कॅन्डल कापताना पाहिलं असेल. नवा कोंब मेणबत्तीसारखा सरळ उभा राहतो म्हणून त्याला कॅन्डल म्हणतात. जपानमध्ये जून-जुलैत, वाढ थांबायला साधारण शंभर दिवस उरले असताना, तो बुडापासून कापतात. मग नवे कोंब येतात आणि त्यांच्या सुया आखूड राहतात. हे तयार, ताकदवान झाडाचं काम आहे. वाढत्या रोपावर केलं तर खोडाची जाडी तिथेच अडते. शिवाय आपल्याकडे त्या दिवसांत धो धो पाऊस असतो, कापलेल्या झाडाला सावरायला ऊनच मिळत नाही. निदान सात वर्षं हा विषय बाजूला ठेवा.

रोवळी बदलणं, खत, कीड

दोन-तीन वर्षांतून एकदा, जानेवारीत, कॅन्डल लांबायच्या आधी. एका वेळी अर्ध्याच बाजूची मुळं मोकळी करा, उरलेली पुढच्या खेपेला. मुळांवर पांढरी जाळीदार बुरशी दिसली तर धुऊन टाकू नका. ती पाइनची सोबतीण आहे, मुळांना अन्नपाणी मिळवून देते. थोडी नव्या मिश्रणातही मिसळा.

निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा महिन्यातून एकदा, मूठभर, कडेने. वाढत्या रोपाची भूक मोठी असते, हात राखू नका. जुलै-ऑगस्टमध्ये खत बंद. ऑक्टोबरच्या उन्हात लाल कोळी येतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, ठिपके चालू लागले तर तोच. पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी तेल बहुतेक वेळा पुरतं.

रोप लोकलने नेणार असाल तर दुपारी या, गर्दीत शेंडा मोडतो. रोवळी खालून धरा, खोडाला धरून उचलू नका. घरी गेल्यावर पहिले पंधरा दिवस काहीही करू नका, फक्त ऊन आणि पाणी. पहिल्या वर्षी मेअखेर झाड एकदा आमच्याकडे आणा. मिश्रण, मुळं आणि तार बघून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.