शेगडी ओट्यावर का चढली

सातारला आमच्या शनिवार पेठेतल्या जुन्या घरात ८३ साली गॅस आला तेव्हा आजीनं शेगडी खालीच मांडली, चूल होती तिथंच, टाकीला अगदी खेटून, आणि समोर पाट टाकून बसली. जोडायला आलेला माणूस म्हणाला, आजी असं नाही चालायचं, शेगडी टाकीपेक्षा वर पाहिजे, ओटा बांधून घ्या. आजी म्हणाली, उभं राहून रांधायला मी काय हाटेल काढलंय का? शेवटी आजोबांनी कडप्पा आणून ओटा बांधला, तरी ती पुढं कितीतरी दिवस उंच स्टूल घेऊन ओट्यासमोर बसायची. आम्ही पोरं हसायचो. पण तो माणूस बरोबर होता, आणि का बरोबर होता हे कळायला आधी चूल आठवावी लागते.

आपली जुनी स्वयंपाकघरं धुरासाठी बांधलेली. धूर वर जातो म्हणून कौलात धुराडं, झरोका पण पार उंचावर, आणि खाली फरशीलगत भोक कोण ठेवणार, उंदीर-साप आत यायला? शिवाय जाळ वाऱ्यानं इकडंतिकडं होतो म्हणून दार लोटून घ्यायची सवय. आणि अशा घरात आला सिलिंडरचा गॅस, जो नेमका उलट वागतो. त्यातला प्रोपेन हवेच्या दीडपट जड आणि ब्युटेन तर दुप्पट, त्यामुळं गळाला की पाण्यासारखा खाली उतरतो, फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या कपाटात साचून राहतो. हवेत शंभरात दोन भाग झाला तरी एक ठिणगी पुरते, आणि खाली मांडलेली शेगडी म्हणजे गॅस साचतो तिथंच जाळ. म्हणून शेगडी वर आणि टाकी खाली उभी. वास आला तर दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि लाइटच्या बटणाला, पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू असेल तर चालू राहू दे. मदतीला १९०६ नंबर आहे, पण फोन घराबाहेर जाऊन करायचा.

तसा मुंबईत गॅस फार जुना, ब्रिटिशांच्या काळात कोळशापासून काढलेला गॅस पाइपानं यायचा आणि त्यावर रस्त्यावरचे दिवेसुद्धा जळायचे. टाकीतला एलपीजी १९५० च्या दशकात आला, तो पण मुंबईतच, बर्मा शेलनं आणला. इंडेन १९६५ ला सुरू झालं, पुढं १९७६ ला बर्मा शेल सरकारनं ताब्यात घेतली आणि तिचीच भारत पेट्रोलियम झाली. सातारा-सांगलीकडं यायला मात्र वेळ लागला, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, खासदाराच्या कोट्यातून कूपन मिळतंय का म्हणून लोक खेटे घालायचे. लग्नात मुलाकडं गॅस आहे का हे विचारलं जायचं, हे आता सांगितलं तर पोरं खरं मानत नाहीत.

मधल्या काळात होता रॉकेलचा स्टोव्ह. पंप मारायचा, पिन करायची, की भर्रर्र आवाज. १८९२ मध्ये स्वीडनच्या लिंडक्विस्टनं काढलेला प्रायमस तो हाच, आपल्याकडं घरोघरी पोचला आणि भडक्यांनी किती बायका गेल्या त्यातले सगळे अपघातच होते असं कोणी म्हणू नये. तर गॅस आला तरी आजीनं स्टोव्हची पिन जपून ठेवली होती. एकदा जाळ कमी वाटला म्हणून तिनं बर्नर उचलून खालच्या पितळी जेटमध्ये ती पिन चांगली दोनतीनदा घातली, भोक मोठं झालं, जाळ झाला पिवळा आणि पातेल्यांची बुडं काळी. तिला वाटलं मस्त, चुलीसारखा जाळ आला! गॅसचा जाळ निळाच पाहिजे, पिवळा म्हणजे हवा कमी पडतेय, गॅस वाया जातोय आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. बर्नरची वरची भोकं घरी घासा, जेट मात्र मेकॅनिकला करू द्या. चुलीची आणखी एक सवय म्हणजे मोठा जाळ, भांड्याच्या बाहेर आलेला. चुलीला जळण शेतातलं होतं, चिपाडं, शेण्या, त्याचा हिशेब कोण ठेवत होतं? गॅसला जाळ बुडाखालीच ठेवायचा, डाळ भिजवून घ्यायची, शिट्टी आली की बारीक करायचा, एवढ्यानं सुद्धा टाकी चार दिवस जास्त जाते असा आमच्या घरचा अनुभव.

गावाकडं अजून एक पाव्हणा होता, गोबरगॅस. १९८१-८२ पासून सरकारी योजना निघाली आणि गोठा असलेल्या बऱ्याच घरांत खड्डे झाले. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, वर जातो, त्याची शेगडी पण वेगळी. त्यावर हात बसलेल्या बायकांना टाकीचा गॅस खाली साचतो हे पटवणं अवघडच.

आणि तो वास गॅसचा स्वतःचा नाही बरं का. १९३७ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या न्यू लंडन गावात शाळेखाली बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला, जवळपास ३०० जण गेले, त्यात बहुतेक पोरंच, आणि मग तिथं गॅसमध्ये वास मिसळायचा कायदा झाला. आपल्या टाकीत त्यासाठी मरकॅप्टन घालतात. गळती बघायला साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की समजलं, पूर्वी काही शहाणे काडी ओढून बघायचे. टाकी घेताना वरच्या पट्टीवरचं अक्षर वाचा, सी-२७ म्हणजे पुढची तपासणी २०२७ च्या सप्टेंबरपर्यंत, ए मार्च, बी जून, डी डिसेंबर. नळी नारिंगी, आत तार असलेलीच घ्या आणि पाच वर्षांनी बदला. थंडीत टाकी मंद चालते म्हणून गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवी पाडणं हा धोक्याचा खेळ मात्र आमच्याकडं अजून चालतो, आडव्या टाकीतून पातळ गॅस थेट नळीत येतो आणि जाळ असा उसळतो की भुवया जातील.

सांगलीत मामाकडं गावभागात २०१९ च्या पुरात वेगळंच कळलं. टाकीत १४.२ किलो गॅस, लोखंड पंधरा-सोळा किलो, म्हणजे तीसेक किलो, पण आतली जागाच ३३ लिटरची, म्हणजे ती सारते ते पाणी तिच्या वजनापेक्षा जास्त, म्हणून भरलेली टाकीसुद्धा तरंगते. मामीची टाकी नळी तोडून गेली ती पाणी उतरल्यावर शेजारच्या पत्र्यावर सापडली. आता कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर गेलं की देवांच्या आधी मामी रेग्युलेटर काढते, टाकीला टोपी लावते आणि मामाला हाक मारते, चला, ही आधी माडीवर घ्या.