रात्रीच्या गाडीत कुटुंबासाठी बर्थ निवडताना

आमच्या कार्यालयात आरक्षणासाठी येणारे बहुतेक ग्राहक आधी गाडी आणि वर्ग सांगतात. आम्ही मात्र प्रथम बरोबर येणाऱ्या माणसांची वये विचारतो. महालक्ष्मीने कोल्हापूरला जायचे असो, विदर्भ एक्सप्रेसने नागपूरला किंवा कोकणकन्येने कुडाळला, घरच्यांची झोप नीट होणार की नाही हे वर्गाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कोणाच्या वाट्याला कोणता बर्थ येतो यावर अवलंबून असते.

स्लीपर आणि थर्ड एसी या वर्गांत साधारणपणे आठ बर्थचा एक कप्पा असतो: १ व ४ खालचे, २ व ५ मधले, ३ व ६ वरचे, ७ साइड लोअर आणि ८ साइड अप्पर. पुढेही हाच क्रम चालू राहत असल्याने बर्थ क्रमांकाला आठने भागून उरणाऱ्या बाकीवरून जागा ओळखता येते. ४४ ला बाकी ४ उरते, म्हणजे तो खालचा. सेकंड एसीत मधला बर्थ नसतो आणि कप्पा सहाचा असतो. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला मधला बर्थ वरच्याइतकाच गैरसोयीचा, शिवाय तो रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत उघडायचा असतो, त्यामुळे लवकर आडवे होणाऱ्यांनी तो टाळलेला बरा.

साइड लोअरबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे. पुष्कळांना तो नको असतो, आणि उंच माणसाचे पाय तेथे खरोखरच अवघडतात. परंतु रात्री दोन-तीनदा उठावे लागणाऱ्या, बेताच्या उंचीच्या आजींना समोर कोणाची झोपमोड न करता उतरता येते. आरएसी तिकिटावर, म्हणजे पूर्ण बर्थ निश्चित न झालेल्या तिकिटावर, मात्र हाच बर्थ दोघांत वाटून घ्यावा लागतो, हे विसरू नये.

ज्येष्ठांसाठीच्या खालच्या बर्थच्या कोट्याबाबत सर्वांत जास्त गैरसमज आढळतो. ६० वर्षे पूर्ण झालेले पुरुष आणि ४५ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रिया एकट्याने किंवा याच पात्रतेच्या दोघांनी मिळून एका तिकिटावर प्रवास करत असतील, तरच हा कोटा लागू होतो. आजी-आजोबा, मुलगा, सून आणि नातवंडे अशी सर्वांची नावे एकाच तिकिटावर घातली की तो हातचा जातो. मग जागा शिल्लक असल्यास संगणक ज्येष्ठांना खालचा बर्थ देण्याचा प्रयत्न करतो, इतकेच. म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे, असे आम्ही सुचवतो. त्यात डबा वेगळा येण्याची शक्यता असते. रात्री कोणी जवळ असणे गरजेचे असेल, तर सर्वांचे एकच तिकीट काढून ‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच आरक्षण करावे’ हा पर्याय निवडता येतो. परंतु खालचा बर्थ नसल्यास तिकीटच निघत नाही, त्यामुळे गणपतीच्या किंवा दिवाळीच्या गर्दीत हा पर्याय आम्ही सहसा सुचवत नाही.

पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असल्यास भाडे पडत नाही. पाच ते बारा वर्षांखालील मुलाचे अर्धे तिकीट काढता येते, पण त्यावर बर्थ मिळत नाही. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन एकाच बर्थवर झोपण्याचा प्रयत्न केलेले पालक पुढच्या वेळी आपणहून पूर्ण तिकीट मागतात.

फर्स्ट एसीत दोन बर्थचा कूपे आणि चार बर्थची केबिन असते, मात्र नेमके काय मिळाले ते चार्ट, म्हणजे जागावाटपाची अंतिम यादी, तयार झाल्यावरच कळते.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जणांची नावे घालता येतात. खिडकी उघडताच पहिली काही मिनिटे आमच्यासारख्या एजंटांना तिकीट काढता येत नाही, त्यामुळे अतिगर्दीच्या तारखांसाठी आपण स्वतःच्या खात्यावरून प्रयत्न केल्यास आम्हाला वाईट वाटणार नाही. आमच्याकडे येताना प्रत्येकाचे ओळखपत्रावरील वय आणि वर चढू न शकणाऱ्यांची नावे कागदावर लिहून आणावीत.