कॉर्नर पंच

छायाचित्र, कार्ड किंवा अल्बमचे पान यांचा काटकोनी कोपरा एका दाबात कापून त्याला गोलाई अथवा नक्षी देणाऱ्या, तळहातात मावणाऱ्या साधनाला कॉर्नर पंच म्हणतात. चिकटवही सजवणे, फोटो अल्बम तयार करणे, शुभेच्छापत्रे बनवणे आणि लॅमिनेट केलेली कार्डे नेटकी करणे ही त्याची नेहमीची कामे होत. कागदाला भोके पाडणाऱ्या कार्यालयीन पंचाशी त्याचे नाते जवळचे आहे. मात्र तो पंच कागदाच्या अंगात भोक पाडतो, तर हा दोन कडा जिथे मिळतात त्या टोकावर काम करतो. फरक दिसायला किरकोळ असला तरी साधनाची सगळी रचना त्यावरूनच ठरते, कारण भोक एखादा मिलिमीटर इकडेतिकडे सरकले तर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, पण कोपऱ्यावरचा कंस अर्ध्या मिलिमीटरने चुकला तरी कडेवर टोक किंवा पायरी राहते आणि नजर नेमकी तिथेच अडते.

पंचाचे कापणारे भाग दोनच असतात. खाली पोलादी साचा असतो, त्यात हव्या त्या कंसाची कड कोरलेली असते. वर त्याच आकाराचा दट्ट्या असतो आणि तो दाबल्यावर साच्यालगत घसटत खाली उतरतो. कागद या दोन कडांच्या मध्ये कातरला जातो, म्हणजे ही क्रिया सुरीने चिरण्यापेक्षा कात्रीच्या कामाला अधिक जवळची आहे. दट्ट्या आणि साचा यांच्यातील फट जितकी कमी, तितका काप स्वच्छ. फट वाढली की कागद कापला जाण्याऐवजी आधी वाकतो, मग फाटतो आणि कडेला तुसे राहतात. दट्ट्या वर उचलून धरण्यासाठी स्प्रिंग असते. अंगठ्याने थेट दाबण्याच्या लहान पंचात तरफ नसते किंवा अगदी आखूड असते, तर जाड पुठ्ठ्यासाठी केलेल्या पंचात लांब तरफ देऊन हाताचा जोर कमी केलेला असतो. याखेरीज एकमेकांशी काटकोन करणाऱ्या दोन छोट्या आडभिंती असतात. कोपरा त्यांना टेकवून धरायचा असतो, आणि पंच चांगला की वाईट हे पुष्कळदा धारेपेक्षा या आडभिंतींवरच ठरते. दट्ट्याचा कंस जिथे संपतो ती जागा आणि आडभिंतीची रेषा तंतोतंत जुळली, तरच कंस कडेला स्पर्शून तिच्यात विरून जातो.

गोलाईचे माप त्रिज्येने सांगतात. बाजारातील हातपंचांत साधारण ३ ते १० मिमी त्रिज्या आढळते, आणि ४, ७ व १० मिमी अशा तीन त्रिज्या एकाच साधनात देणारे पंचही प्रचलित आहेत. तुलनेसाठी सांगायचे तर बँकेच्या कार्डाचा आकार आंतरराष्ट्रीय मानकानुसार ८५.६० × ५३.९८ मिमी असून त्याच्या कोपऱ्याची त्रिज्या सुमारे ३ मिमी असते. त्रिज्या ‘त्रि’ असेल तर काटकोनी कोपऱ्यातून कापले जाणारे क्षेत्रफळ त्रि²(१ − π/४), म्हणजे त्रिज्येच्या वर्गाच्या सुमारे ०.२१५ पट भरते. १० मिमी त्रिज्येच्या पंचाने एका कोपऱ्यातून जेमतेम २१.५ चौ. मिमी कागद जातो. १० × १५ सेंमी आकाराच्या छायाचित्राचे चारही कोपरे कापले तरी एकूण क्षेत्रफळाच्या ०.६ टक्क्यांहून कमीच. तरीही चित्राचा सगळा चेहरामोहरा बदललेला भासतो. ५ मिमीची गोलाई मोठ्या छायाचित्रावर जवळपास दिसत नाही, पण पासपोर्ट आकाराच्या चित्रावर तीच ठळक वाटते. म्हणून त्रिज्या चित्राच्या आकाराकडे पाहून निवडावी लागते.

कोपरे गोल करण्याचे पहिले कारण सौंदर्याचे नसून झिजेचे आहे. काटकोनी कोपरा म्हणजे दोन बाजूंनी उघडी असलेली निमुळती जागा. टोकाजवळ कागदाची रुंदी जवळजवळ शून्य असल्याने थोड्याशा धक्क्यानेही ते दुमडते, आणि थरांनी बनलेल्या पुठ्ठ्यात थर सुटू लागतात तेही तिथूनच. कंसावर असे एकटे टोक नसते व धक्का लांबट भागावर विभागला जातो. पिशवीच्या पानात किंवा खोबणीत सरकवताना गोल कोपरा अडकत नाही. लॅमिनेट केलेल्या कार्डाच्या बाबतीत तर सोयीपेक्षा सुरक्षिततेचा भाग मोठा आहे, कारण प्लास्टिकचे टोकदार कोपरे बोटांना चांगलेच टोचतात.

अल्बमच्या इतिहासात गोल कोपरा पंचाच्या आधी आला. फ्रान्समध्ये आंद्रे आदोल्फ-युजेन दिस्देरी यांनी १८५४ मध्ये ‘कार्त द व्हिझित’ या लहान छायाचित्रांच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यात पातळ कागदावरील चित्र सुमारे ६४ × १०० मिमीच्या पुठ्ठ्यावर डकवलेले असे. अशी चित्रे १८६० च्या दशकात इतकी लोकप्रिय झाली की त्यांच्यासाठी खास अल्बम निघाले. जाड पानांत चौकटी कापलेल्या असत आणि चित्र पानाच्या कडेतील फटीतून आत सरकवावे लागे. सुरुवातीच्या कार्डांचे कोपरे बहुधा काटकोनी असत, तर १८७० च्या दशकात पुठ्ठा जाड होत गेला आणि गोल कोपऱ्यांची कार्डे सर्रास दिसू लागली. त्यामुळे तारीख नसलेल्या जुन्या छायाचित्राचा काळ ठरवताना पुठ्ठ्याची जाडी, छापील मजकूर यांबरोबर कोपऱ्याचा आकारही विचारात घेतात. हा पुरावा अर्थात एकट्याने पुरेसा नसतो, कारण नंतरच्या एखाद्या मालकाने अल्बममध्ये बसवण्यासाठी कोपरे स्वतः कापलेले असू शकतात.

विसाव्या शतकात काळ्या पानांचा, मध्ये पातळ पारदर्शक कागद घातलेला आणि चिकट त्रिकोणी फोटो कॉर्नरने चित्रे धरून ठेवणारा अल्बम घरोघरी पोहोचला. शतकाच्या मध्याला नागमोडी कडांच्या चित्रांची चलती होती. पुढे कोडॅकच्या १९६३ मधील इन्स्टामॅटिक कॅमेऱ्याने चौरस चित्रांचा प्रसार केला आणि १९७० च्या दशकात छपाई करणाऱ्या प्रयोगशाळांतूनच गोल कोपऱ्यांची चित्रे येऊ लागली. हौशी माणसाच्या हाती पंच आला तो मुख्यतः चिकटवहीच्या आधुनिक छंदामुळे. अमेरिकेतील युटा राज्याच्या मॅरिलेन ख्रिस्टेनसेन यांनी १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील अभिलेखविषयक जागतिक परिषदेत आपल्या कुटुंबाच्या सजवलेल्या वह्या मांडल्या, आणि या छंदाच्या प्रसाराची सुरुवात म्हणून त्या प्रदर्शनाचा उल्लेख नेहमी केला जातो. छंद वाढला तशी त्याची हत्यारेही वाढली. कोपऱ्याचा पंच हे त्यांतले सर्वांत साधे आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत कमी चुकीच्या मोहात पाडणारे हत्यार आहे. फुलापानांच्या आकारांचे पंच घेतले की ते वापरण्यासाठी निमित्त शोधावे लागते; गोल कोपऱ्याचे तसे होत नाही.

वापरण्याची रीत सोपी असली तरी क्रम पाळावा लागतो. चित्र आधी हव्या मापात काटकोनात कापून घ्यायचे आणि कोपरे सर्वांत शेवटी गोल करायचे, कारण नंतर एखादी कड छाटली की त्या बाजूची गोलाई अर्धवट राहते. कोपरा काटकोनात नसेल तर तो दोन्ही आडभिंतींना एकाच वेळी टेकत नाही. मग कंस एका कडेला स्पर्श करण्याऐवजी तिला कोनात छेदतो आणि बारीक टोक उरते. पुष्कळ जण पंचाला दोष देतात ती चूक खरे तर आधीच्या कात्रीची असते. पंच उलटा धरला तर बहुतेक प्रकारांत साच्याचे तोंड वर येऊन नेमके काय कापले जाणार ते दिसते, मात्र त्यामुळे चित्राची कोणती बाजू दट्ट्याकडे येते याकडे लक्ष ठेवावे लागते. दट्ट्या ज्या बाजूने शिरतो ती बाजू गुळगुळीत राहते आणि जिथून बाहेर पडतो तिथे बारीकशी उभट कड येऊ शकते; म्हणून चित्राचा दर्शनी भाग शक्यतो दट्ट्याकडे असावा. हातपंचात एका वेळी एक छायाचित्र किंवा एक जाड कार्ड घालणे इष्ट. गठ्ठेच्या गठ्ठे गोल करण्यासाठी बांधणीच्या कारखान्यांत मेजावर बसवलेली यंत्रे असतात आणि ते काम हातपंचाकडून करून घेऊ नये.

नक्षीच्या पंचात साधा कंस नसून आत वळलेली खाच, पाकळ्या किंवा जाळी असते. त्यांतील बारीक भाग पातळ कागदात फाटतात व जाड कागदात अडकतात, त्यामुळे अशा पंचांना मध्यम जाडीचा, घट्ट विणीचा कागद मानवतो. याहून उपयोगी प्रकार म्हणजे फटी पाडणारा कॉर्नर पंच. तो कोपरा कापून टाकत नाही, तर त्याच्याजवळ तिरपी किंवा वक्र चीर देतो आणि त्या चिरेत छायाचित्राचे टोक खोवले की चित्राला गोंद न लावता ते जागेवर राहते. पंचाचा जबडा पानाच्या मध्यापर्यंत पोहोचत नसल्याने चिरा थेट पानावर न पाडता चित्राहून थोड्या मोठ्या रंगीत कागदावर पाडतात आणि तो कागद पानावर चिकटवतात. या पद्धतीत चित्र कधीही काढून घेता येते, मागे लिहिलेला मजकूर शाबूत राहतो आणि काही वर्षांनी गोंदाचा पिवळा डाग उमटण्याचा धोकाही नसतो. चित्राचे कोपरे आधीच गोल केलेले असतील आणि त्यांना लहान त्रिकोणी फोटो कॉर्नर लावायचे असतील, तर मात्र त्रिकोणाच्या टोकात पोकळी राहून पकड कमी होते. अशा वेळी मोठे त्रिकोण वापरावे लागतात.

पंचाने कापलेला कोपरा परत जोडता येत नाही, म्हणून कशावर पंच चालवू नये हे ठरवणे महत्त्वाचे ठरते. जुनी, एकच प्रत असलेली छायाचित्रे जशीच्या तशी ठेवून त्यांची नवी प्रत कापावी. पुठ्ठ्यावर डकवलेल्या चित्राच्या कोपऱ्यात छायाचित्रणगृहाचे नाव, क्रमांक किंवा कोणाच्या हस्ताक्षरातील नोंद असू शकते. १९७२ पासून प्रचारात आलेल्या पोलरॉइडच्या एकसंध झटपट चित्रांचा पांढरा कोपरा कापला, तर चित्राचे बंद थर उघडे पडतात व हवा आणि दमटपणा आत शिरू लागतो. अशा चित्रांना पंच लावूच नये. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असलेला आजचा सामान्य फोटो कागद मात्र धारदार पंचाने स्वच्छ कापला जातो. लॅमिनेट केलेल्या कार्डात आतल्या कागदाभोवती प्लास्टिकची जुळलेली कड पुरेशी रुंद ठेवावी, नाहीतर कंस थेट कागदापर्यंत पोहोचून थर सुटू लागतात. ७ मिमी त्रिज्येच्या पंचाने कर्णाच्या दिशेने सुमारे २.९ मिमी भाग जातो, यावरून किती कड सोडायची याचा अंदाज करता येतो.

पंच बिघडण्याची कारणे ठरलेली आहेत: गोंदाचा अंश, कागदाची धूळ आणि अडकलेले तुकडे. चिकट पाठीचा कागद वारंवार कापला तर दट्ट्या साच्यात रुतून बसतो आणि तरफ वर येत नाही. अशा वेळी ती ओढून काढण्यापेक्षा पंच थंड ठिकाणी ठेवून गोंद कडक होऊ द्यावा व मग हलक्या हाताने सोडवावा. मेणकागद काही वेळा कापल्याने दट्ट्याला वंगण मिळते आणि तेलाचे डाग टळतात. अ‍ॅल्युमिनियमची पातळ पन्नी घड्या घालून कापली की धार येते असे सर्रास सांगितले जाते. पन्नीने कडेवरची घाण आणि बारीक उंचवटे निघतात, त्यामुळे काप सुधारतो हे खरे; पण गेलेली धार तिने परत येत नाही आणि आडभिंती झिजल्या असतील तर त्यावर पन्नीचा काहीच उपाय चालत नाही.