काविळीची माळ आणि पंचगंगेचं पाणी

कोल्हापूर भागात कुणाचे डोळे पिवळे दिसले की घरात दोन गोष्टी लगेच ठरतात: तेल-हळद बंद, आणि कावीळ उतरवून आणायची. उतरवणारा हातांना कसला तरी रस चोळतो, चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळंधमक होतं. हा रस बहुधा आंब्याच्या सालीचा. त्यातली द्रव्यं चुन्याशी संयोग होताच पिवळी पडतात. ठणठणीत माणसाचे हात धुतले तरी रंग तोच येईल. उतरवणारा काड्यांची एक माळही देतो. डोक्यावर ठेवलेली ही माळ रोज लांबत पोटापर्यंत येते, त्यातही चमत्कार नाही. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले असतात. ते वाळून आकसले की गाठी सैल होतात. खुंटीला टांगली तरी ती माळ लांबेलच.

मग माणूस बरा कसा होतो? दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ईची (विषाणूंमुळे यकृत सुजून होणारी) कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र माळेला.

तरी माळेला नुसतं हसण्यात अर्थ नाही. एरवी खाडा न करणारा यंत्रमाग कामगार गळ्यात माळ आली की हक्कानं पडून राहतो. दारू सुटते, आणि सुजलेल्या यकृताला ती सुटायलाच हवी असते. तांबडा रस्साही बंद (कोल्हापुरात ही शिक्षा लहान नव्हे!). आजारी माणसाला समाज कामातून सूट देतो आणि बदल्यात बरं होण्याची खटपट मागतो, असं समाजशास्त्रज्ञ टॅलकट पार्सन्स यांनी १९५१मध्ये मांडलं. ही सूट माळेमुळे चारचौघांना दिसते.

खरी अडचण वेगळीच आहे. विषाणू पोटात गेल्यावर हिपॅटायटिस ईची लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. इतक्या दिवसांपूर्वी कुठलं पाणी प्यायलो, हे कुणाला आठवणार? मग दोष उन्हाला, उष्णतेला, कालच्या भज्यांना. काविळीवर म्हणून उसाचा रस पाजतात, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणी विचारत नाही. पंचगंगेत कोल्हापूरचं सांडपाणी मिसळतं आणि इचलकरंजी शहर याच नदीच्या खालच्या अंगाला आहे. २०१२मध्ये तिथं काविळीची मोठी साथ आली. माळ एकेकाच्या गळ्यात पडते, नळ मात्र सगळ्या गल्लीचा असतो.

गरोदर बाईच्या बाबतीत तर वाट पाहणं जिवावर बेतू शकतं: शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झालेल्या शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. तिला थेट दवाखान्यातच न्यायला हवं.

मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन डॉक्टरांना सुचवतात, की रुग्णालाच विचारा: हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? आपल्याकडे जोडीला आणखी एक प्रश्न हवा, "उतरवून आणली का? पोटात काय दिलं?" तोही न रागावता. बोलणी खावी लागतील म्हणून माणसं झाडपाल्याच्या पुड्या लपवतात, आणि त्यातल्या काही आधीच सुजलेल्या यकृताला आणखी इजा करतात.