उशिरा आलेला अहवाल

समजा, हजार माणसांत दहा जण कोविडने बाधित आहेत आणि ते दहा कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी हजारच्या हजारांना घरी बसवावे लागते. उरलेल्या ९९० जणांची मजुरी बुडते, मुलांची शाळा सुटते, दुकानाचे शटर खाली येते. टाळेबंदीचा बराचसा खर्च हा असा न मिळालेल्या माहितीचा खर्च असतो. म्हणूनच बाजारपेठा कधी उघडायच्या, या प्रश्नाचे निम्मे उत्तर प्रयोगशाळेत असते.

२०१८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले पॉल रोमर यांनी मार्च २०२० मध्ये संगणकावर एक सोपे प्रारूप मांडले. लक्षणे असोत वा नसोत, रोज लोकसंख्येच्या साधारण ७ टक्के लोकांची चाचणी करायची. म्हणजे प्रत्येकाची पाळी पंधरवड्यातून एकदा येते. पॉझिटिव्ह येतील तेवढ्यांनी वेगळे राहायचे आणि बाकीच्यांनी कामाला जायचे. चाचणी बऱ्यापैकी चुकणारी असली, तरी साथ आटोक्यात राहू शकते, असे त्यांचे गणित सांगत होते. तेव्हा जगभर स्वॅबच्या काड्या आणि रसायने यांचाच तुटवडा होता, त्यामुळे ही कल्पना अनेकांना अशक्य कोटीतली वाटली.

पण चुकणारी चाचणी उपयोगी कशी पडेल? इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळी मेख इथेच आहे.

आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या प्रती काढल्या जातात. दर फेरीला प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून जास्त. त्यामुळे नाकात विषाणू नावालाच असला, तरी तो सापडतो. बरे होऊन काही आठवडे लोटलेल्या माणसाच्या नाकातले निर्जीव अवशेषही सापडतात. विषाणूचे प्रथिन शोधणाऱ्या अँटिजेन चाचणीत प्रती काढण्याची सोय नाही. विषाणू भरपूर असेल तरच तिच्या पट्टीवर रेघ उमटते. मात्र ज्याच्या नाकात विषाणू भरपूर, तोच प्रामुख्याने इतरांना आजार देतो. कोविडमध्ये तर लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरू लागतो.

आता एक हिशेब करू. एक माणूस सहा दिवस संसर्ग पसरवू शकतो असे धरा. पहिल्याच दिवशी त्याचा नमुना घेतला, पण अचूक चाचणीचा अहवाल यायला चार दिवस लागले. वाचले फक्त दोन दिवस. दुसरी चाचणी तीन बाधितांपैकी एकाला चुकवते, पण पंधरा मिनिटांत निकाल देते. तिने पकडले तर सहाही दिवस वाचतात; सरासरी काढली तर चार. म्हणजे कमी अचूक चाचणी दुपटीने कामाची ठरली. तीच दोन दिवसांनी पुन्हा केली, तर सुटलेल्यांपैकीही बरेच जण हाती लागतात. रुग्णावर उपचार ठरवताना डॉक्टरांना अचूकताच हवी, यात वाद नाही. साथ रोखायची असेल, तेव्हा मात्र मी वेगाला झुकते माप देईन.

चूक उलट्या बाजूनेही होते. एक लाख लोकांत १०० बाधित आहेत. चाचणी १०० पैकी ८० बाधितांना ओळखते आणि निरोगी माणसांपैकी फक्त १ टक्का लोकांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. तरी पॉझिटिव्ह आलेल्या १,०७९ जणांपैकी ९९९ निरोगीच निघतात! आजार विरळ असला की असे होणारच. त्यावर उपाय आहे: एवढ्यांचीच पीसीआरने फेरतपासणी करायची. हजारभर लोकांनी एखादा दिवस वाट पाहणे हे लाखभरांनी महिनाभर कोंडून राहण्यापेक्षा केव्हाही सुसह्य.

आणि चाचण्या कमी पडल्या तर? १९४३ साली अमेरिकी सैन्यभरतीत सिफिलिस हा गुप्तरोग शोधण्यासाठी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट डॉर्फमन यांनी एक सुरेख युक्ती सुचवली होती. दहा जणांचे नमुने एकत्र करून एकच चाचणी करायची. ती निगेटिव्ह आली की दहाही जण मोकळे. पॉझिटिव्ह आली तरच प्रत्येकाची वेगळी तपासणी. शंभरात एक बाधित असेल, तर हजार लोकांचे काम सुमारे १९६ चाचण्यांत होते. शंभरात तीस बाधित असतील, तर मात्र बहुतेक प्रत्येक गट पॉझिटिव्ह येतो आणि हजाराहून जास्त चाचण्या लागतात. ही युक्ती साथ लहान असतानाच वापरून घ्यावी लागते. मे २०२० मध्ये वुहानने जवळपास एक कोटी रहिवाशांची तपासणी दोन-अडीच आठवड्यांत उरकली, तेव्हा काही नमुने असेच एकत्र तपासले गेले. लक्षणे नसलेले ३०० बाधित त्यात सापडले.

स्लोव्हाकियाने अँटिजेन चाचणीची वाट धरली. ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२० या दोन दिवसांत सुमारे ५५ लाख वस्तीच्या या देशात ३६ लाखांहून अधिक लोकांची चाचणी झाली. ३८ हजारांच्या आसपास पॉझिटिव्ह आले. निगेटिव्ह दाखला असेल त्याला कामावर जाण्याची मुभा होती. ज्या जिल्ह्यांत आठवड्याभराने दुसरी फेरी झाली, तिथे बाधितांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. सोबत इतर निर्बंधही असल्यामुळे सारे श्रेय चाचणीला देता येत नाही. फेऱ्या थांबल्या आणि हिवाळ्यात रुग्ण पुन्हा वाढले.

या सगळ्या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पॉझिटिव्ह आलेला माणूस घरी थांबेल. ज्याचे रोजच्या कमाईवर घर चालते, त्याला दहा दिवसांचा खाडा परवडत नाही. तो चाचणीच टाळतो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. त्या दहा दिवसांची मजुरी भरून देणे हा चाचणीच्या खर्चाचाच भाग धरायला हवा, अगदी स्वॅबच्या काडीसारखा. हजारांतल्या दहांना दहा दिवस पगार देऊन घरी बसवायचे, तर एकूण शंभर दिवसांची मजुरी द्यावी लागते. हजारही जणांचे काम बंद ठेवले, तर दहा दिवसांत दहा हजार दिवसांची बुडते.