शपथेनंतरचे बहात्तर तास

मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून निघालेली मोठी मासेमारी नौका कित्येकदा आठ-दहा दिवस किनाऱ्याला लागत नाही. तिच्यावर रोज दोन क्वार्टर पिणारा एखादा खलाशी असेल आणि तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, बाटली चढवायला सक्त मनाई केली असेल, तर पुढे काय घडू शकतं याचं वेळापत्रक वैद्यकाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कधीही आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना भास सुरू होतात. अंगावर किडे चढताना दिसतात, नसलेली माणसं हाका मारतात, ताप चढतो, छाती धडधडते, आपण कुठे आहोत याचं भान सुटतं. भोवती पाणी आणि जवळ डॉक्टर नाही, अशा जागी हे घडणं किती भयंकर आहे ते वेगळं सांगायला नको. किनाऱ्यावर घडलं तर घरचे ‘बाहेरची बाधा’ समजून गाऱ्हाणं घालायला धावतात, आणि मोलाचे तास तिथेच जातात.

या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. जुन्या नोंदींत उपचाराविना मरणाऱ्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत दिसतं. आज वेळेवर उपचार मिळाले तर ते ५ टक्क्यांच्या खाली राहतं.

हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. मेंदूतल्या पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. त्यांना चेतवणारं दुसरं असतं, ग्लुटामेट. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. हे रोज होऊ लागलं की मेंदू स्वतःला जुळवून घेतो. सतत ब्रेक दाबलेल्या गाडीचा चालक वेग राखायला ॲक्सिलरेटर अधिकाधिक दाबत जावा, तसं. मग एक दिवस ब्रेकवरचा पाय अचानक निघतो. दारू थांबते, पण मेंदूने वर्षानुवर्षं वाढवलेली चेतना एका रात्रीत उतरत नाही. थरथर, आकडी, भास ही सगळी त्या बेलगाम चेतनेची रूपं आहेत. मात्रेचा अंदाजही घ्यावा: १८० मिलिलीटरच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. गावठीच्या बाटलीवर तर लेबलच नसतं, त्यामुळे किती पोटात गेलं हे पिणाऱ्यालाही कळत नाही.

आता आपल्याकडचा नेहमीचा सल्ला आठवा. “मनार घेतल्यान तर आज सोडीत.” देवीसमोर शपथ घ्यायची, गळ्यात माळ घालायची, गणपतीच्या आधी सोडायची. बेताने पिणाऱ्याला यातून खरोखर बळ मिळतं, आणि त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण ज्याला सकाळी उठल्याउठल्या हात स्थिर करायला घोट लागतो, पूर्वी सोडताना ज्याला आकडी आली होती, त्याने शपथ घेऊन त्याच दिवशी पूर्ण थांबणं जिवावर बेतू शकतं. शपथ जितकी प्रामाणिक, तितका धोका मोठा, कारण असा माणूस थरथर सोसतो, पण डॉक्टरकडे जात नाही. जाणं म्हणजे मन कच्चं असल्याची कबुली वाटते.

अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली थांबवावी लागते. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी औषधं देऊन आणि ती काही दिवसांत कमी करत नेऊन मेंदूला सावकाश खाली आणता येतं. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने द्यावं लागतं. अशक्त माणसाला ‘एक सलाईन लावा’ म्हणायची आपल्याला सवय आहे. ती बाटली ग्लुकोजची असेल आणि शरीरातलं थायमिन संपत आलेलं असेल, तर उरलंसुरलं थायमिन ग्लुकोज पचवण्यात खर्च होतं. डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल डगमगते, स्मृती कायमची जाऊ शकते. म्हणून सलाईन लावण्याआधीच डॉक्टरांना सांगा की हा माणूस रोज पितो. लाजेपोटी हे लपवणारी घरं थोडी नाहीत.

व्यसन हा रोग आहे की स्वभावाचा दोष, हा वाद जुना आहे. ब्रिटिश आरमारातले डॉक्टर थॉमस ट्रॉटर यांनी १८०४ सालीच दारूच्या सवयीला मनाचा रोग म्हटलं होतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्ये मद्यासक्तीला आजार मानलं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतही दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. रोगाच्या बाजूने बोलणारे मेंदूच्या रंगीत चित्रांकडे बोट दाखवतात. मला त्याहून बोलका पुरावा वाटतो तो मृत्यूच्या नोंदींचा.

सोव्हिएत संघात मे १९८५ मध्ये गोर्बाचेव यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली. उत्पादन घटवलं, किंमत वाढवली, दुकानांच्या वेळा कमी केल्या. रशियातल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान सुमारे ६२ वर्षं होतं, ते १९८७ पर्यंत ६५ च्या जवळ गेलं. मोहीम ढिली पडली, देश कोसळला, दारू पुन्हा स्वस्त झाली, आणि १९९४ मध्ये ते ५८ च्याही खाली आलं. मरणाऱ्यांत ऐन चाळिशी-पन्नाशीतले पुरुष फार होते. दोन वर्षांत लाखो पुरुष सद्गुणी झाले आणि मग सगळे मिळून बिघडले, असं कोण म्हणेल?

अमेरिकेचं उदाहरण अलीकडचं. ॲन केस आणि अँगस डीटन या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की ४५ ते ५४ वयाच्या गोऱ्या अमेरिकनांचा मृत्युदर आधीची वीस वर्षं वर्षाला सुमारे २ टक्क्यांनी घटत होता आणि १९९८ नंतर तो वाढू लागला. वाढीमागे मुख्यतः अमली पदार्थ व औषधांची अतिमात्रा, दारूने खराब झालेलं यकृत आणि आत्महत्या होत्या. सर्वाधिक झळ कमी शिकलेल्यांना बसली. या वयोगटाचं सरासरी वयच त्या काळात थोडं वाढलं होतं, त्यामुळे वाढ जरा फुगून दिसते, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञांनी घेतला, आणि तो योग्य आहे. तरीही इतर श्रीमंत देशांत जी घट चालू होती ती तिथे थांबली, हे खरंच. कारखान्यातली नोकरी गेलेली गावं आणि १९९६ पासून जोरात विकली गेलेली ऑक्सिकॉन्टिनसारखी व्यसन लावणारी वेदनाशामकं, हे दोन्ही एकाच काळात आलं.

कोकणी वाचकाला इथे १९८२ आठवल्याशिवाय राहणार नाही. गिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. कित्येक जण कायमचे गावी परतले. त्यांच्यातल्या ज्यांना दारूने गिळलं, त्यांच्या घरात आजही ‘स्वभावच तसा होता’ एवढंच सांगितलं जातं. संपाचा उल्लेखही होत नाही.

पण रोग म्हटलं की माणसाच्या हातात काहीच उरत नाही, असंही नाही. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातल्या जेमतेम ५ टक्क्यांना पुन्हा व्यसन लागलं. जागा, सोबत, काम आणि पुरवठा बदलला की बहुतेकांची सुटका झाली. जुळ्यांच्या अभ्यासांतून व्यसनाच्या शक्यतेत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा दिसतो, म्हणजे उरलेला निम्मा तरी माणसाच्या आयुष्यातच शोधायचा आहे. इन्सुलीच्या नाक्यापलीकडे गोव्यात दारू स्वस्त आहे, ही गोष्ट सावंतवाडीच्या एखाद्या तरुणाच्या जनुकांइतकीच महत्त्वाची आहे.

आपला नैतिक निवाडाही किती सोयीचा आहे ते पाहा. सकाळी मशेरी मिळाली नाही तर डोकं दुखणारी, चिडचिडणारी आजी व्यसनी ठरत नाही. निकोटीन मात्र तेच असतं.

या निवाड्याची किंमत आकड्यांत दिसते. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी सुमारे एकालाच काही उपचार वा मदत मिळाल्याचं आढळलं. उरलेल्यांच्या घरी बहुधा रागावणं, रडणं आणि जाहिरातीतली ‘नकळत दारू सोडवणारी’ पुडी एवढंच असतं.

त्या पुडीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. तिच्यात काय आहे ते घरच्यांना कळत नाही. तिच्यात डायसल्फिराम असेल, तर ते दारूचं शरीरातलं विघटन अर्ध्यावर अडवतं आणि ॲसिटाल्डिहाइड साठू देतं. चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदय कमजोर असेल तर मृत्यूही येऊ शकतो. हे औषध कामाचं आहे, पण घेणाऱ्याला माहीत असेल आणि त्याची संमती असेल तरच. ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोनही आहे, आणि तेही यकृत तपासून डॉक्टरच देतात. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. पिणारा स्वतः तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. फोन बायकोने, भावाने किंवा तांडेलाने केला तरी चालतो, आणि रोज किती पितो, शेवटचं कधी प्यायला, पूर्वी आकडी आली होती का, एवढं तरी सांगायला हवं.