विनोदी मालिकांनी एकत्र कुटुंबं मोडली?

"पूर्वी सगळे एकत्र राहायचे, टीव्हीवरच्या विनोदी कौटुंबिक मालिकांनी घरं फोडली." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागची हुरहूर खरी आहे, मलाही ती जाणवते. पण कारण चुकलं आहे.

आधी काळ जुळवून पाहू. महाराष्ट्रात टीव्ही आला 1972 साली, मुंबईत. मात्र 1951 च्या जनगणनेतच देशात एका घरातली सरासरी माणसं सुमारे 5 होती, आणि 2011 लाही जवळपास तेवढीच. मधल्या दशकांत आकडा थोडा वर गेला, पुढे मुलं कमी होत गेली तसा उतरला. आपल्या सोलापुरात तर गिरण्यांच्या काळातच खेड्यातून बायको-मुलांसह आलेली माणसं चाळीतल्या एका खोलीत संसार थाटत होती. चूल तिथेच वेगळी झाली होती.

'ये जो है जिंदगी' ही मालिका 1984 ची. तिच्यात नवरा, बायको आणि बायकोचा भाऊ, एवढंच घर. शहरात असं घर आधीपासून होतं, मालिकेने ते दाखवलं.

मग टीव्हीचा परिणामच नाही? आहे, आणि तो दुर्लक्षू नये. 2001 ते 2003 दरम्यान पाच राज्यांतल्या खेड्यांत झालेल्या पाहणीत, केबल आल्यावर बायकांना नवऱ्याची मारहाण कमी समर्थनीय वाटू लागली, मुलगाच हवा हा आग्रहही घटला. त्यात फक्त विनोदी मालिका नव्हत्या, हे लक्षात ठेवावं.

पडताळायचं असेल तर घरातलं आजोबांचं जुनं रेशनकार्ड काढा. नावं मोजा, वर्ष बघा, आणि घरात टीव्ही कधी आला ते आजीला विचारा.